एका आढाव्याच्या चार आवृत्त्या

एप्रिल २०२१ मधली एक गूगल शीट अजून माझ्या ड्राइव्हवर पडून आहे. पाच रकाने: नाव, फोन, रक्तगट, कोविड कधी झाला, काय म्हणाले. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘उचलत नाही’, ‘अँटिबॉडी कमी’, ‘कालच दिला’ असं लिहिलंय. माझा मामा चिंचवडजवळच्या एका खासगी रुग्णालयात ऑक्सिजनवर होता आणि मामीच्या हातात एक चिठ्ठी दिली गेली होती: प्लाझ्मा आणा. मामाचा गट बी पॉझिटिव्ह, म्हणजे दाता बी किंवा एबी गटाचा हवा. पहिल्या नोकरीला नुकतंच वर्ष झालं होतं, ऑफिस बंद होतं, लॅपटॉप घरीच होता. मला जे येत होतं ते मी केलं. शीट बनवली.

दाता मिळायला दोन दिवस गेले. प्लाझ्मा चढवला आणि त्यानंतर चौथ्या दिवशी मामा गेला. तेव्हापासून मामी एकच वाक्य म्हणते, “दोन दिवस आधी मिळाला असता तर.” ती मला बोल लावत नाही. पण शीट माझी होती, त्यामुळे ते वाक्य दर वेळी माझ्याच दिशेनं येतं.

गेल्या वर्षी त्या वाक्याचं उत्तर असलेला एक मजकूर मी वाचला. कोक्रेन या संस्थेनं प्रसिद्ध केलेला, कोविडवरच्या प्लाझ्मा उपचाराचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. इथे त्याच्याविषयीच लिहायचंय, आणि तेही पुस्तकाविषयी लिहावं तसं: त्याची रचना कशी आहे, भाषा कशी आहे, कुठे जमलाय आणि कुठे कमी पडलाय. वैद्यकीय संशोधनाच्या जंगलात हा एक लेखनप्रकारच आहे, आणि त्याच्याकडे लेखन म्हणून बघायला हरकत नाही.

आमच्या धंद्यात रिव्ह्यू म्हणजे कोड रिव्ह्यू. बाकी जगात रिव्ह्यू म्हणजे सिनेमाला किती स्टार. हा तिसरा प्रकार या दोघांपेक्षा वेगळा. एखाद्या औषधावर जगभरात वीस-पंचवीस अभ्यास झालेले असतात. काही म्हणतात गुण येतो, काही म्हणतात नाही. कुणी आपल्या सोयीचे तीन उचलून लेख लिहिला तर त्याला आढावा म्हणता येत नाही, ती वकिली झाली. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा नियम असा की वाचायला बसण्याआधी सगळं लिहून जाहीर करायचं: प्रश्न कोणता, कुठे शोधणार, कुठले अभ्यास घेणार, कुठले वगळणार, कशाला यश म्हणणार. मग दोन जणांनी एकमेकांचं न बघता निवड करायची. प्रत्येक वगळलेल्या अभ्यासापुढे का वगळला ते लिहायचं. ज्या लेखनप्रकारात लेखक निष्कर्ष ठरवून सुरुवात करू शकत नाही, असा दुसरा मला तरी माहीत नाही. आमच्याकडे कोड लिहिण्याआधी टेस्ट लिहायची पद्धत आहे, म्हणजे नंतर स्वतःला फसवता येत नाही. तेच इथे.

या प्रकारामागे ज्याचं नाव आहे तो आर्ची कोक्रेन हा स्कॉटिश डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत होता आणि ग्रीसमधल्या सॅलोनिकाच्या छावणीत बरोबरच्या कैद्यांवर उपचार करत होता. आपण देतो त्या उपचारांतले किती खरंच उपयोगी पडतात, हा प्रश्न त्याला पुढे आयुष्यभर पुरला. १९७२ मध्ये त्यानं त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. १९७९ मध्ये त्यानं आपल्याच व्यवसायाला सुनावलं की सगळ्या चाचण्यांचा विषयवार, वेळोवेळी अद्ययावत होणारा आढावा आपण ठेवलेला नाही, ही लाजेची गोष्ट आहे. १९८८ मध्ये तो वारला, आणि १९९३ मध्ये इयन चाल्मर्स आणि सहकाऱ्यांनी त्याच्या नावानं संस्था उभी केली. २००७ पासून आयसीएमआरनं पैसे भरल्यामुळे तिचं ग्रंथालय भारतातही फुकट वाचता येऊ लागलं. आपल्याला ते माहीत नसतं, एवढंच.

आता आपला मजकूर. हा आढावा ‘लिव्हिंग’ प्रकारातला आहे, म्हणजे नवे अभ्यास आले की त्याची नवी आवृत्ती निघते. जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठ रुग्णालयातला गट आणि इंग्लंडमधल्या सरकारी रक्तसेवेतले लोक त्यामागे होते. दुसरी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. प्लाझ्मा गोळा करणं हे ज्यांच्या संस्थेचं कामच, तीही माणसं या आढाव्याच्या लेखकांत होती. मे २०२० ते मे २०२१ या वर्षात निघालेल्या चार आवृत्त्या मी ओळीनं वाचल्या, जशी एखाद्या प्रोजेक्टची कमिट हिस्ट्री वाचतात.

पहिली आवृत्ती, मे २०२०. आठ अभ्यास, आणि त्या सगळ्यांत मिळून माणसं किती? ३२. जग बंद होतं, चॅनेलवर प्लाझ्मा ‘संजीवनी’ झाला होता, आणि या लोकांनी शिस्तीत अख्खं जग धुंडाळून बत्तीस माणसं मोजली आणि लिहिलं की यावरून काहीही सांगता येत नाही. एवढं मोठं दस्तऐवज, इतके तक्ते, आणि शेवटी ‘खात्री अतिशय कमी’. पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं. नंतर वाटलं की त्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एवढं प्रामाणिक वाक्य एकही आलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात, २९ जून २०२० रोजी, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ‘प्रोजेक्ट प्लॅटिना’ सुरू केला, जगातली सर्वांत मोठी प्लाझ्मा चाचणी म्हणून. त्याचा अभिमान आपल्या सगळ्यांनाच वाटला होता, मलाही.

दुसरी आवृत्ती, जुलै २०२०. २० अभ्यास, ५,४४३ माणसं. निष्कर्ष तोच: माहीत नाही.

तिसरी आवृत्ती, ऑक्टोबर २०२०. १९ अभ्यास, ३८,१६० माणसं. बत्तीसवरून अडतीस हजार! एव्हाना कुणीही म्हणेल की आता तरी सांगा. अमेरिकेत तर ऑगस्टमध्येच सांगून झालं होतं. तिथल्या औषध प्रशासनाचे प्रमुख स्टीफन हान यांनी शंभरातले पस्तीस जण वाचतील अशा अर्थाचं विधान केलं आणि दुसऱ्याच दिवशी चूक मान्य केली. या आवृत्तीत मात्र खात्री कमी किंवा अतिशय कमी अशीच राहते. कारण अडतीस हजारांतले बहुतेक जण प्लाझ्मा घेतलेले होते, न घेतलेल्यांची त्यांच्यासारखीच रांग शेजारी नव्हती. कुणाला प्लाझ्मा द्यायचा आणि कुणाला नाही हे नशिबावर सोडून केलेल्या चाचण्या दोनच होत्या, आणि त्यांत माणसं होती १८९.

ही आवृत्ती या मजकुराचा मध्य आहे, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत चांगला भागही. मामा चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीत होता. तो मला लहानपणापासून एक गोष्ट सांगायचा. लाइनवर रिजेक्शन वाढलं की सुपरवायझर घाबरून कूलंट बदलतो, टूल बदलतो, ऑपरेटर बदलतो, सगळं एकाच शिफ्टला. दुसऱ्या दिवशी रिजेक्शन कमी होतं. आता कशामुळे कमी झालं? “कुणालाच माहीत नाही,” मामा म्हणायचा, “पण बढती सुपरवायझरला.” कधी कधी काहीच न बदलताही रिजेक्शन कमी होतं. एका मशीनवर जुनं कूलंट आणि शेजारच्या तशाच मशीनवर नवं, असं ठेवल्याशिवाय कळत नाही. दहा हजार पीस नव्या कूलंटवर काढले तरी नाही. ऑक्टोबरची आवृत्ती नेमकं हेच म्हणते, आणि आकड्यांचा ढीग समोर असताना म्हणते, याला धैर्य लागतं.

अशी शेजारची रांग असलेली चाचणी भारतात झाली होती. आयसीएमआरची प्लॅसिड. एप्रिल ते जुलै २०२० या काळात देशातल्या ३९ रुग्णालयांत, ४६४ रुग्णांवर. गंभीर अवस्थेत जाणारे किंवा दगावणारे प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के, न मिळालेल्यांत १८ टक्के. ही बातमी सप्टेंबरमध्ये आली आणि ऑक्टोबरमध्ये बीएमजेत छापून आली. आढाव्याची तिसरी आवृत्ती त्याआधीच शोध थांबवून बसली होती, म्हणून तिच्यात ती नाही. नियमाला चिकटून राहण्याची ही किंमत: दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला पुढच्या पंगतीपर्यंत थांबावं लागतं.

चौथी आवृत्ती, २० मे २०२१. १३ अभ्यास, त्यांतल्या १२ चाचण्या नशिबावर सोडलेल्या. एकूण ४८,५०९ माणसं. मध्यम ते गंभीर आजारी रुग्णांच्या मृत्यूंचा हिशेब सात चाचण्यांमधल्या १२,६४६ जणांवरून केलाय, आणि तिथे येतो आकडा ०.९८. एक म्हणजे काहीच फरक नाही. पॉइंट नव्व्याण्णव असो की पॉइंट अठ्ठ्याण्णव, आजूबाजूची शक्यतेची रेघ एकाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे. आणि वर्षभरात पहिल्यांदाच समोर शब्द आहेत: खात्री उच्च. प्लाझ्मामुळे मृत्यू कमी होत नाहीत.

वर्षभर ‘माहीत नाही’ म्हणत राहिलेला माणूस जेव्हा ‘माहीत आहे’ म्हणतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास बसतो. या मजकुराची सगळी ताकद त्यात आहे. तो पहिल्या तीन आवृत्त्यांत जे कमावतो ते चौथ्या आवृत्तीत खर्च करतो. २०२३ च्या आवृत्तीत चाचण्या ३३ झाल्या आणि उत्तर तेच राहिलं.

भाषेबद्दल. ती रुक्ष आहे, एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, आणि वाचताना झोप येते हे मान्य. पण त्या रुक्षपणात एक शिस्त आहे. खात्रीच्या चार पायऱ्या ठरलेल्या: उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. ‘बहुतेक’ हा शब्द मध्यम खात्रीसाठी राखीव, ‘कदाचित’ कमी खात्रीसाठी. आपण मराठीत हे दोन शब्द कसेही टाकतो. ‘बहुतेक येईन’ म्हणणारा मित्र येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे प्रत्येक क्रियाविशेषणाला वजन करून लावलंय. काही समीक्षकांच्या लेखांना ही चाळणी लावून बघावी असं मनात येतं, माझ्या या लेखासकट.

आता तक्रारी.

पहिली वेळेची. ‘खात्री उच्च’ हे शब्द आले २० मे २०२१ ला. त्याच्या तीन दिवस आधी, १७ मे रोजी, प्लाझ्मा भारताच्या उपचार-सूचनांमधून काढला गेला होता. त्याआधी देशातल्या काही डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी सरकारला पत्र लिहिलं होतं. आणि सर्वांत मोठी चाचणी, ब्रिटनमधली रिकव्हरी, हिनं १५ जानेवारी २०२१ लाच जाहीर केलं होतं की फरक दिसत नाही, म्हणून भरती थांबवतोय. अंतिम आकडे ११,५५८ रुग्णांचे: प्लाझ्मा मिळालेल्यांत २४ टक्के दगावले, न मिळालेल्यांत २४ टक्के. माझी शीट बनली त्याच्या तीन महिने आधी हे उघड होतं. म्हणजे उशीर एकट्या आढाव्याचा नाही. उत्तर जगात होतं, पण चिंचवडला येणाऱ्या रस्त्यावर कुठेतरी ते उतरून गेलं, आणि चिठ्ठी मात्र पोचली.

दुसरी तक्रार मजकुराच्या आतली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. या आढाव्यात अपाय मोजलेत: ॲलर्जी, रक्त चढवताना होणारा त्रास, श्वासाचा त्रास. पण प्लाझ्मासाठी धावणारी माणसं त्यात कुठेच नाहीत. रात्री एक वाजता भोसरीहून निगडीला जाणारा भाऊ, दात्याला पेट्रोलचे पैसे देऊ का असं अवघडून विचारणारी मामी, नुकताच बरा झालेला आणि पुन्हा रुग्णालयाच्या आवारात यायला घाबरणारा दाता. उपचाराचा उपयोग शून्य असेल तर या सगळ्याची बेरीज अपायाच्या रकान्यात पडायला हवी. तसा रकाना नाही. हा लेखनप्रकार पलंगावरच्या माणसाला बघतो, पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलेल्याला बघत नाही. आपल्याकडे औषध, रक्त, प्लाझ्मा आणायचं काम नातेवाइकांचं असतं. तिथे हा कोपरा फार मोठा होतो.

तिसरी तक्रार या प्रकाराच्या पायाबद्दल. आढावा कितीही शिस्तीत लिहिला तरी तो दुसऱ्यांच्या तक्त्यांवर उभा असतो. मे २०२१ मध्ये, म्हणजे प्लाझ्मा निरोप घेत होता तेव्हाच, गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या द्यायचं जाहीर केलं, कोविड झालेला असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेच्या डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी लगेच आठवण करून दिली की चाचणीबाहेर हे औषध देऊ नये असं संघटनेचं म्हणणं आहे. पण त्या काळात आयव्हरमेक्टिनच्या बाजूचे आढावेही फिरत होते. जूनमध्ये छापल्या गेलेल्या एकाचा दावा होता की मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात. तोही रिव्ह्यूच होता, त्यातही तक्ते आणि रेघा होत्या.

अशा आढाव्यांना वजन देणाऱ्या अभ्यासांपैकी एक इजिप्तमधला होता. लंडनमधल्या जॅक लॉरेन्स नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं त्याची मूळ डेटा फाइल उघडायची ठरवली. फाइलला पासवर्ड होता. त्यानं अंदाजानं १२३४ टाकलं आणि ती उघडली. आत रुग्णांच्या नोंदी कॉपी-पेस्ट केल्यासारख्या सारख्याच, आणि अभ्यास सुरू व्हायच्या तारखेआधीच मेलेले रुग्ण. जुलै २०२१ मध्ये तो अभ्यास मागे घेतला गेला. त्याला धरून गणित केलेला एक आढावाही पुढे मागे घ्यावा लागला, आणि संशयास्पद अभ्यास काढून पुन्हा मांडल्यावर मृत्यूंमधला फरक टिकला नाही. कोक्रेनचा आयव्हरमेक्टिनवरचा आढावा त्याच जुलैत आला. त्यानं तो अभ्यास धरलाच नव्हता. १४ चाचण्या, १,६७८ माणसं, आणि निष्कर्ष: चाचणीबाहेर वापरायला आधार नाही.

लॉरेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नंतर ‘नेचर मेडिसिन’मध्ये लिहिलं की नुसत्या सारांशाच्या आकड्यांवर केलेल्या बेरजांवर विसंबता येणार नाही, प्रत्येक रुग्णाचा मूळ डेटा मागायला हवा. आमच्या धंद्यात हे रोज शिकायला मिळतं. आपला कोड स्वच्छ असतो, आणि कुणीतरी न तपासता घेतलेली लायब्ररी सगळं घेऊन बुडते. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूनं वाचकाला ‘मी सगळं वाचलं’ एवढं सांगून आता भागणार नाही. ‘मी फाइल उघडून बघितली’ हेही सांगावं लागेल.

तरीही मी हा मजकूर कुणालाही वाचायला देईन. कारण त्यात एक जागा आहे जी मला दुसरीकडे कुठेच सापडली नसती. आढाव्यातून रिकव्हरीच्या मूळ लेखाकडे गेलो. तिथे रुग्णांची विभागणी केली आहे: लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत असलेले, आणि त्यानंतरचे. दोन्ही गटांत प्लाझ्मानं फरक पडला नाही. लवकर दिला तरी नाही, उशिरा दिला तरी नाही.

मामीच्या वाक्याचं उत्तर तेवढ्या एका ओळीत होतं.

यात माझा मामा नाही, हे मला कळतं. ०.९८ हा आकडा बारा हजार माणसांचा आहे, एका माणसाचं काय झालं असतं हे तो सांगू शकत नाही आणि सांगायचा आवही आणत नाही. पण मामीही मामाबद्दल सांगत नव्हती. ती एक नियम सांगत होती: लवकर मिळाला तर माणूस वाचतो. तो नियम खोटा आहे, आणि हे सांगायला बारा हजार माणसं पुरेशी आहेत.

हा आढावा मी इंग्रजीत वाचला. दिवाळीत मामीकडे गेलो तेव्हा फोनवर तो चौकोनी तक्ता उघडून बसलो होतो आणि मराठीत कसं सांगावं ते सुचत नव्हतं. शेवटी आढाव्याची कुठलीच पायरी न वापरता सांगितलं, “मामी, ते दोन दिवस धरू नकोस. आधी मिळाला असता तरी काही झालं नसतं. हजारो लोकांवर बघितलंय त्यांनी.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “मग आणायला कशाला सांगितलं?”

याचं उत्तर कुठल्याच आवृत्तीत नाही.